शीग पाडलेला आवाज

या माऊली, असे पुढे सरकून बसा, मधे अंतर नको. आज तुम्हाला एका आवाजाची गोष्ट सांगतो. माणूस गेला, आणि मागे राहिलेला त्याचा आवाज रोज सकाळी पाणी मागू लागला, त्याची. भीती वाटली तर वाटू द्या, पण मधेच उठू नका. ही गोष्ट अर्धी ऐकून गेलेल्याला ती जास्त छळते.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाकडे रस्ता चढू लागतो तिथे एक वाडी आहे. रखमाजी बुवा त्या वाडीचे. भात आणि नाचणी करणारा साधा माणूस, पण कीर्तनाला उभा राहिला की भोरपासून वेल्ह्यापर्यंतचे लोक वाट तुडवत येत. भोरात माझं स्पीकरचं दुकान आहे. बुवांचं कीर्तन असलं की मी लग्नाच्या वराती दुसऱ्याला देऊन टाकायचो आणि स्वतः स्पीकर घेऊन जायचो. काय आवाज होता! सुरुवातीला चुलीतला निखारा फुंकावा तसा हळू, आणि रंगात आले की सगळं देऊळ छातीत घुमायचं. मी बटणावर हात ठेवून बसायचो आणि डोळे पुसायला हात मोकळा नसायचा.

बुवा थंडीत गेले, दम्याने. त्यांचं एकच कीर्तन कुठेतरी उतरलेलं होतं, शेवटच्या सप्ताहातलं काल्याचं. त्यांच्या मुलाने, अजितने मोबाईलवर घेतलेलं. चांगलं उतरावं म्हणून त्याने मोबाईल स्पीकरच्या डब्याच्या अगदी तोंडाला टेकवून ठेवला होता. बुवांचे दिवस झाले, आणि अजितने ते देवळातल्या मशीनवर चढवलं. रोज पहाटे काकड्यानंतर कर्ण्यावरून बुवांचं कीर्तन. धरणाच्या पल्याडच्या वाडीपर्यंत जावं म्हणून बटण पार शेवटाला पिळलेलं.

पहिले काही दिवस लोकांनी हात जोडले. मग हळूहळू सगळ्यांचे कान एका जागी अडकायला लागले.

त्या जागी बुवांचा आवाज वर चढतो, चढतो, आणि एकदम घरघरतो. कुणीतरी गळा धरावा तसा. आणि त्या घरघरीतून शब्द येतात, "पाणी दे रे, पाणी दे." त्यानंतर काहीतरी अस्पष्ट खरखर, आणि मग खूप माणसं हसतात.

समोरचा डोंगर ते परत पाठवायचा. पाणी दे रे. थोड्या वेळाने, बारीक, जणू दुसरंच कुणीतरी. लोक हसल्याचंही परत यायचं, आणि ते हसणं ऐकायला फार वाईट.

भिमा दुधाचा टेम्पो घेऊन रोज त्या वेळी वर यायचा. तो अलीकडच्या वळणावर टेम्पो उभा करून काचा वर घ्यायचा. ती जागा गेली की मगच देवळापुढून पुढे. बायका म्हणू लागल्या, बुवा तहानलेले गेले. कुणी म्हणालं, ते मशीन धरणात सोडा. कुणी म्हणालं, सोडू नका, तिथून ओरडतील.

आणि धोंडामाई. बुवांची बायको. तिला अजितनेच एकदा सहज सांगितलं होतं, "आये, बाबांचा आवाज फाटलाय गं." आमच्या धंद्यात तोच शब्द. आवाज फाटतो म्हणजे खरखरतो, नीट लागत नाही. पण त्या माउलीने तो शब्द जसाच्या तसा घेतला. आवाज फाटलाय म्हणजे घसा फाटलाय. घसा कोरडा पडल्याशिवाय फाटतो का?

मग ती रोज पहाटे तांब्या भरून कर्ण्याच्या खांबापाशी ओतायला लागली. आणि स्वतः दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही घेईनाशी झाली. "त्येंच्या घशाला कोरड, आन् म्या घटाघटा पिऊ?" ऐन वैशाख. झऱ्यावरून हंडा घेऊन येताना ती बांधावर पडली तेव्हा अजितचा मला फोन आला. "माऊली, तुमी या. आमचं कुनाचं ऐकत न्हाई. आवाजाचं तुमाला कळतं. अशीच ऱ्हायली तर म्हातारी हातची जाईल."

मी भोरातून अंधार असतानाच गाडी काढली. वाडी जवळ आली तेव्हा उजाडत होतं. वळणावर भिमाचा टेम्पो उभा, काचा वर. मी त्याच्या शेजारी थांबलो, हसून त्याला काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात कर्ण्यावर ती जागा आली.

माऊली, मला सगळं माहीत होतं. आवाज का फाटतो हे मी झोपेतही सांगेन. आणि ते कीर्तन झालं तेव्हा मी तिथे होतो, बुवा काय म्हणाले ते मी या कानांनी ऐकलं होतं. तरी माझ्या हातावर काटा आला. डोंगराने ते परत केलं तेव्हा मी मान खाली घातली. भिमाने काच थोडी खाली केली आणि म्हणाला, "बोला आता. धंदा तुमचा हाय ना?"

देवळात धोंडामाई खांबाला टेकून नाचणी मापत बसली होती. सप्ताहासाठी घराघरातून आलेली नाचणी, पुढ्यात पायलीचं माप. ओठ सुकून पांढरे पडलेले, पण हात चालूच. मी पाया पडलो.

"रामकृष्ण हरी, माई."

"रामकृष्ण हरी. बसा. अजित, च्या ठेव यांना. मला न्हाई."

बातमी पसरली होती. बघता बघता माणसं जमली. पुढे गीताबाई येऊन बसली. ही धोंडामाईच्या घराशेजारची. दोघींचं पाण्याच्या पाळीवरून जे बिनसलं होतं ते दोघींचे नवरे गेले तरी मिटलं नव्हतं. आल्या आल्या ती मला म्हणाली, "काय वो स्पीकरवालं, डब्यात भूत घालून दिलंत व्हय आमाला?"

"भूत नाही आजी. आवाज फाटतोय फक्त."

"फक्त म्हनं! तुमचा फाडून बगा की."

मी उठून मशीनपाशी गेलो. मला वाटत होतं सोपं आहे. मशीनला जेवढं पेलतं त्याच्यापुढे बटण पिळलं की आवाज फाटतो. मी सगळ्यांना सांगितलं, "ही चूक बटणाची आहे. आता आवाज लहान करतो आणि तेच लावतो. ऐका."

लावलं. खरंच, बरीचशी खरखर गेली. टाळ टाळासारखे वाजले, पखवाज पखवाजासारखा. माणसं एकमेकांकडे बघून मान डोलवू लागली. अजितचा चेहरा उजळला. बुवांचा आवाज वर चढू लागला, चढला, आणि मी श्वास धरला.

पाणी दे रे, पाणी दे.

तीच घरघर. फक्त लहान. कर्ण्यातून यायची ती ओरड होती. आता कानाशी येऊन कुणी हळूच मागावं तशी झाली. आणि पाठोपाठ ते हसणं, लांबचं, बारीक. गाभाऱ्याजवळ बसलेली एक बाई पदर तोंडात घालून उठून गेली.

धोंडामाईने मापावरचा हात थांबवला. "बगा," ती म्हणाली. "लहान क्येला तरी मागत्यातच. उलट आता मलाच मागत्यात."

मी बटण बंद केलं. चूक मशीनच्या बटणाची असती तर ही घरघरही गेली असती. म्हणजे आवाज आता फाटत नव्हता. तो उतरतानाच फाटला होता. अजितचा मोबाईल डब्याच्या तोंडाशी होता, तिथेच.

मी ते सांगायला लागलो, आणि काय सांगत होतो ते माझं मलाच कळेना. आवाजाच्या लाटा, त्यांची टोकं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मी काडी घेऊन देवळाच्या धुळीत डोंगर काढले, एकापुढे एक. "हा बुवांचा आवाज. हळू बोलले की टेकडी, जोरात बोलले की उंच डोंगर. मोबाईलचं छप्पर इथे, एवढंच. त्याच्यावरचं त्याला घेता येत नाही. मग तो काय करतो? वरचे शेंडे कापतो." मी हाताने सगळे शेंडे पुसले.

गीताबाई वाकून बघत म्हणाली, "ह्यो तर रायरेश्वर झाला! समदं पठारच."

लोक हसले. मीही हसलो. धोंडामाई हसली नव्हती.

"डोंगराचं मला कळत न्हाई," ती म्हणाली. "शेंडं कापलं तर आवाज लहान व्हईल. पानी कसं मागंल?"

खरा प्रश्न होता तो. मी उत्तर शोधत तिच्या हातांकडे बघत बसलो. तिने पायली भरली होती. नाचणीचा वर छान ढीग झाला होता, कडेने दाणे ओघळत होते. ही वाडी देवाचं धान्य तसंच मापते, वर ढीग ठेवून. त्या ढिगाला शीग म्हणतात. व्यापाऱ्याला देताना मात्र मापावरून हात फिरवून शीग पाडतात. व्यापाऱ्याची नाचणी आणि देवाची नाचणी, दोन्ही पायलीच, पण सारखी पायली नाही.

"माई," मी म्हणालो, "ही पायली व्यापाऱ्यासारखी मापा बरं."

तिने सवयीने तळहात फिरवला. ढीग खाली सांडला. माप वरून सपाट झालं.

"बुवांचा आवाज शीग लावलेला होता. मोबाईलचं माप लहान. त्याने..."

"शीग पाडली," धोंडामाई म्हणाली. तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "असं म्हना की मग. फाटला काय म्हनता?"

"शीग पाडली, माई. बोलण्याची मऊ कड असते ना, ती त्या शिगेत असते. 'व' म्हणताना ओठ हळू सुटतात. ते हळूपण छाटलं गेलं आणि नुसता ठोका राहिला. 'व'ला ठोका बसला की कानाला 'प' लागतो. बुवा पाणी मागत नव्हते. ते देवाकडे वाणी मागत होते. 'वाणी दे रे, वाणी दे.' मी तिथे होतो."

कुणीतरी तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होतं: वाणी, पाणी, वाणी.

धोंडामाईने सांडलेले दाणे पदराने गोळा करून परत मापात टाकले. "ही शीग पाडली तर हितं पडती. भरता येती. त्येंची कुठं पडली?"

मला खोटं बोलता आलं असतं. एखादं नवीन मशीन आणतो, भरून काढतो, असं. पण देवळात बसलो होतो. "ती मोबाईलमधे गेलीच नाही, माई. आता ती कुठल्याच मशीनला काढता यायची नाही. त्या दिवशी समोर बसलेल्यांच्या कानात गेली तेवढीच."

"म्या न्हवते बसले," ती म्हणाली.

आणि मग माझ्या लक्षात आलं. एवढी वर्षं मी बुवांच्या कीर्तनाला स्पीकर लावले, आणि ही बाई समोर बसलेली मी एकदाही पाहिली नव्हती. ती मागे असायची. मागच्या पडवीत, चुलवणापाशी, भाताच्या पातेल्यांच्या वाफेत. पखवाज ऐकू येत असेल, शब्द कुठले? नवऱ्याचं कीर्तन तिने पहिल्यांदा ऐकलं ते या कर्ण्यावरून, ते गेल्यावर. तिला शीग कधी मिळालीच नव्हती.

"तुमी म्हनता वानी," ती सावकाश म्हणाली. "अजित पन म्हनतो. मला पानी पाजायचं हाय म्हनून तुमी समदी म्हननार. आन् वानी मागितली तर मान्सं हसली का? सांगा. द्येवाकडं वानी मागनाऱ्याला कोन हसतं? तहानल्याल्या मान्साला हसली ती. म्या रोज ऐकते."

लोक का हसले ते मला आठवेना. त्या वेळी एक वायर सुटली होती, मी खाली वाकून ती जोडत होतो. शब्द ऐकले, पुढचं निसटलं. अजित तर प्रसादाच्या पत्रावळी आणायला गेला होता. धोंडामाईने शेजारी भरून ठेवलेला तांब्या पदराखाली ओढून घेतला. कर्ण्याच्या खांबापाशी ओतायला निघाली.

"बस खाली," गीताबाई म्हणाली.

"तू मला सांगू नगंस."

"बस म्हनते ना, धोंडे. तुझ्या नवऱ्याचंच सांगते."

गीताबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिने बुवांसारखा एक हात कानाला लावला, एक वर केला, आणि बुवा रंगात आले की अंग एका बाजूला झुकवायचे तशी झुकली. तिचा आवाज चिरका, दात नाहीत. पण ती सुरू झाली आणि माझ्या अंगावर पुन्हा तोच सकाळचा काटा आला, कारण बुवाच उभे राहिल्यासारखे वाटले.

"वाणी दे रे, वाणी दे," गीताबाई म्हणाली. मग ती थांबली, बुवा थांबायचे तशीच, आणि देवाकडे बोट करून आवाज खाली आणला. "न्हाई द्यायची? नगं देऊस. मागं चुलीपाशी माझी धोंडी बसलीया, तिच्याकडनं घेतो. तिच्यापाशी वानी लई हाय. एक बोललं तर धा देती! आन् देवा, तुज्याबी आधी देती!"

देवळात हसू फुटलं. आधी एक-दोघं, मग सगळीच. मागून एक म्हातारे टाळकरी म्हणाले, "व्हय, व्हय, आसंच! आता ध्यानात आलं. म्या तर टाळ खाली ठिवला व्हता हसून." आणि दुसरं कुणीतरी, "धोंडामाई, तवाच तुमी मागनं वराडला, मीठ कुनी न्हेलं म्हनून! म्हनून तर जास्त हसलो."

धोंडामाई उभीच होती, तांब्या धरून.

"माझं नाव?" ती म्हणाली. "द्येवाम्होरं?"

"चारचौघात," गीताबाई म्हणाली. "मी तर जळाले बाई. आमच्या ह्येनी जलमात माझं नाव घ्येतलं न्हाई. म्हनून तुला सांगितलं न्हाई."

"धोंडी म्हनले?"

"धोंडीच म्हनले."

धोंडामाई खाली बसली. तिने तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि प्यायली. अशी प्यायली की पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून, चोळीवरून ओघळत गेलं. अजित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गीताबाई म्हणाली, "हळू, ठसका लागंल," आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

पिऊन झाल्यावर माईने तोंड पुसलं. "लावा परत," ती मला म्हणाली.

लावलं, लहान आवाजात. ती जागा आली. घरघर आली. आम्ही सगळे कान देऊन बसलो, आणि खरं सांगतो, आता सगळं माहीत असूनही मला ऐकू आलं ते 'पाणी'च. मी माईकडे बघितलं.

"मला बी पानीच ऐकू येतंय," ती म्हणाली. "येऊ द्या. पर ही हसत्यात ना, ती माझ्यावर हसत्यात." आणि त्या मशीनमधल्या माणसांबरोबर तीही हसली, त्यांच्यापेक्षा किंचित उशिरा, समोरचा डोंगर हसायचा तशी.

त्या दिवसापासून ती पाणी पिऊ लागली. बटण मी मशीनला पेलेल अशा खुणेपाशी आणून चिकटपट्टी लावून आलो. भिमाचा टेम्पो मात्र अजून वळणावर थांबतो. तो म्हणतो, कळलं मला सगळं, शिगेचं पण कळलं, पण अंगावरच्या काट्याला कळत नाही.

धोंडामाई या पौषात गेली. झोपेत, शांत. दिवसांना मी गेलो होतो. अजित मोबाईल घेऊन माझ्यापाशी बसला आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. फोटो होते. लग्नातले, सप्ताहातले, नातवाला घेतलेले. आवाज कुठेच नव्हता. एवढं बोलणारी बाई, देवाच्याही आधी उत्तर देणारी, आणि तिचा एक शब्द कुणी उतरवून घेतला नाही. बुवांचा फाटका का होईना, आहे. तिचा तेवढाही नाही. अजितने ते कीर्तन लावलं, ती हसण्याची जागा पुन्हा पुन्हा मागे नेली. मीठ कुणी नेलं म्हणून ती मागून ओरडली होती ना, ते कुठे उतरलंय का बघत होता. आम्ही दोघांनी कान लावले. खरखरीखाली खूप खोल काहीतरी आहे. ती असेल. पातेल्याचं झाकणही असेल. मला सांगता आलं नाही.

म्हणून माऊली, जाताना एवढं करा. रखमाजी बुवांना लोक आठवतील, त्यांची काळजी नाही. तुम्ही धोंडामाईची आठवण ठेवा.